एका बोटाचं सरकार

विश्राम कोठावळेच्या डाव्या तर्जनीमुळे देशातलं सरकार सकाळपासून तीनदा बनलं आणि तीनदा पडलं, तेव्हा विश्राम वेळवंडीच्या सुमंगल कार्यालयात एका निवृत्त पोस्टमास्तरांचं कौतुक करत होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोस्टमास्तरांनाही नव्हतं. ते शाल सावरत बसले होते, कारण शाल नायलॉनची होती आणि पंख्याच्या वाऱ्यानं सारखी घसरत होती.

विश्राम हा तालुक्यातला निवेदक. वाढदिवस असो, पतसंस्थेचा वर्धापनदिन असो, नाहीतर शोकसभा असो, माइक विश्रामच्याच हातात. गोड गळ्याचे निवेदक शेजारच्या तालुक्यातही होते, पण ते नुसते बोलायचे. विश्राम जे बोलायचा ते त्याला बोलून होईपर्यंत खरंच वाटायचं. सत्कारमूर्तींचं कार्य थोर आहे म्हणाला की त्याचा ऊर भरून यायचा. शोकसभेत 'पोकळी निर्माण झाली' म्हणाला की त्याला ती पोकळी समोर दिसायची. माइक खाली ठेवला की ऊरही रिकामा आणि पोकळीही गायब. मग तो चहा प्यायचा.

धंद्याला हा गुण बरा होता. घरी मात्र त्यानं घोळ घातला होता. बायको हर्षदा भूजल खात्यात होती. तिला बढती मिळाली होती, पण चंद्रपूरला. येत्या शुक्रवारी दुपारपर्यंत तिला कळवायचं होतं. ती जाणार हे नक्की होतं. प्रश्न एवढाच होता, की विश्राम बरोबर येणार का.

विश्राम तिला म्हणाला होता, "अशी संधी पुन्हा येत नाही, आपण जायचंच."

मग स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाला होता, "आपण कुठं जातोय."

दोन्ही वेळा अगदी मनापासून. घर लहान असल्यामुळे दोघींनी दोन्ही वाक्यं ऐकली होती.

आता त्या बोटाविषयी.

गेल्या काही निवडणुकांपासून मतदारांची एकच कुरकुर होती. मत द्यावं एकाला, आणि निकाल लागल्यावर त्यानं जाऊन बसावं भलत्याच्याच मांडीवर. आघाडी करताना आम्हाला कुणी विचारलं का? शेवटी कायदा झाला, की निकालानंतर आघाडीत शिरणाऱ्या खासदाराला आपल्या मतदारांची संमती लागेल. पण पुन्हा रांगा, पुन्हा मतदान, एवढा खटाटोप कोण करणार? तेव्हा शास्त्रज्ञांनी शाई बदलली.

ही नवी संमतीशाई नखाच्या मुळाशी लावत. तिच्यातले अतिसूक्ष्म कण कातडीत मुरत आणि अंगाच्या उष्णतेवर चालत. माणसाला एखादी गोष्ट पटली, की त्याच्या घामातले क्षार, नाडीचे ठोके आणि बोटाच्या टोकाशी येणारं रक्त यांत बारीकसा बदल होतो. न पटली, की दुसऱ्या प्रकारचा. प्रत्येकाचा हा ठसा वेगळा असतो, म्हणून मतदान केंद्रावर शाई लावताना यंत्र प्रत्येकाला दोन साधे प्रश्न विचारी. 'हे नाव तुमचंच ना?' यावरून होकाराचा ठसा घ्यायचा. 'तुमच्या शेजाऱ्याच्या वीजबिलाचा भरणा तुम्ही कराल का?' यावरून नकाराचा. पुढं शाई जिवंत असेतोवर बोट आपलं 'हो' किंवा 'नाही' जवळच्या मोबाइल टॉवरला कळवत राही, नाव न सांगता. ज्याचं उत्तर सलग टिकलं त्याचं बोट पक्कं धरायचं. मुदतीपर्यंत जे चाललं असेल ते शेवटचं.

यात एक बारीकशी अडचण होती. शाईला 'हो' कळायचं. कशाला हो, ते कळायचं नाही.

शास्त्रज्ञांना हे माहीत होतं आणि त्यांनी ते अहवालात लिहिलंही होतं. पण लाखो माणसांच्या बाबतीत त्यानं काही बिघडत नाही. कुणाला त्या क्षणी भजी आवडलेली असतात, कुणाचा जावयाशी वाद झालेला असतो. हे सगळे हो आणि नाही एकमेकांना खोडून काढतात, आणि दिवसभर सगळ्यांच्या कानावर जे पडत असतं, म्हणजे राजकारण, त्याचा कल तेवढा वर तरंगतो.

लाखो माणसं असतील तर.

यंदाच्या निकालात महासंयुक्त आघाडी आणि संयुक्त महाआघाडी यांच्यात इतकी चुरस झाली, की आपण कुणाला मत दिलं होतं याचाच लोकांना विसर पडला. महासंयुक्तवाल्यांना बहुमताला एक खासदार कमी पडला. तो त्यांना वेळवंडीत सापडला. अपक्ष अप्पासाहेब रणनवरे यांनी प्रचारभर महासंयुक्तवाल्यांना देशबुडवे म्हटलं होतं. निकालाच्या संध्याकाळी ते त्यांच्याच मोटारीतून दिल्लीला गेले, आणि वेळवंडी मतदारसंघ बरोबर मधोमध चिरला. मुदत संपत आली तोवर सगळी बोटं पक्की झाली होती. जितके होकार तितकेच नकार. फक्त एक बोट अजून डोलत होतं. आघाडी अडली होती खासदारापाशी, आणि खासदार अडला होता त्या बोटापाशी.

"सर," पोस्टमास्तरांचा सत्कार संपल्यावर पोपट गव्हाणे विश्रामला कोपऱ्यात घेऊन म्हणाला. हा अप्पासाहेबांचा माणूस, गावात त्याच्या गटाला होकारवाले म्हणत. त्याच्या हातातल्या मोबाइलवर मतदारसंघाचा आकडा होता, होकार वरचढ झाले की हिरवा, नकार वरचढ झाले की लाल. "जरा ते थोर कार्य परत म्हणता का?"

"कुणाचं?"

"कुणाचंही."

"पोस्टमास्तरांनी ज्या निष्ठेनं पत्रं पोहोचवली, ते कार्य थोरच म्हणावं लागेल," विश्राम म्हणाला, आणि त्याचा ऊर भरून आला.

"हिरवं," पोपट मोबाइलकडं बघत म्हणाला. "आता कुणीतरी मेल्याचं म्हणा."

"अहो, असं कसं?"

"गेल्या सालचं कुणी असेल तरी चालेल."

"नाना डोईफोडे गेले आणि तालुक्याच्या भजनी मंडळात जी पोकळी..."

"लाल," पोपटच्या मागून आवाज आला. इनामदार वकील तिथंच उभे होते. नकारवाल्यांचे पुढारी. त्यांच्याही हातात मोबाइल होता. "गव्हाणे, मतदाराची ओळख उघड करणं गुन्हा आहे, माहिताय ना?"

"मी कुठं काय उघड केलं?"

"करूही नका. मीही करणार नाही." मग वकील विश्रामकडं वळून अदबीनं म्हणाले, "कोठावळे सर, उद्या सकाळी मोकळे आहात का? एक शोकसभा ठेवायची म्हणतो."

"अरेरे. कोण गेलं?"

"ते ठरवतो," वकील म्हणाले.

पुढचे दिवस विश्रामनं त्याच्या कारकीर्दीत कधी घालवले नव्हते असे गेले. पोपटनं दूधसंघाच्या अध्यक्षांचा सत्कार ठेवला. मग अध्यक्षांच्या ड्रायव्हरचा. मग सत्कार करण्याजोगी माणसं संपल्यावर एका ट्रान्सफॉर्मरचा, कारण तो पावसाळाभर जळला नव्हता. ट्रान्सफॉर्मरला हार घालायला वायरमननं साफ नकार दिला, म्हणून हार खांबाला घातला. विश्राम त्या ट्रान्सफॉर्मरवर असा बोलला, की समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. दिल्लीत सरकार बनलं.

तासाभरात नकारवाल्यांनी त्याला बंद पडलेल्या शांताराम टॉकीजच्या शोकसभेला नेलं. "त्या पडद्यानं आपल्याला हसवलं, रडवलं, आणि आज तोच पडदा नाही," विश्राम म्हणाला. दिल्लीत सरकार पडलं. शपथविधीसाठी निघालेल्या मोटारी गोल चक्कर मारून परत फिरल्या. टीव्हीवर चार तज्ज्ञ बसून वेळवंडीच्या मतदाराची प्रगल्भता, त्याची अस्वस्थता आणि त्याचा सूचक इशारा यांवर बोलत होते. वेळवंडीचा मतदार त्या वेळी टॉकीजच्या पायरीवर बसून फरसाण खात होता.

"मला काही कळेनासं झालंय," घरी आल्यावर तो हर्षदाला म्हणाला. "हे सगळं माझ्यामुळं होतंय असं पोपट म्हणतो. पण मी तर राजकारणाचा विचारही करत नाही."

"म्हणूनच होतंय." हर्षदा कपाटातले कपडे काढून दोन ढीग करत होती. एक जाणारा, एक राहणारा. विश्रामचे शर्ट तिनं कुठल्याच ढिगात ठेवले नव्हते, ते पलंगावर मधोमध पडले होते. "शंभर विहिरींची पातळी बघून आम्ही गावात पाणी किती ते सांगतो. ते बरोबर निघतं. पण एकाच विहिरीकडं बघितलं, तर सकाळी कुणी मोटर लावली होती तेवढंच कळतं. तुम्ही सगळे मिळून एका विहिरीत वाकून बघताय आणि देशाला पाऊस किती झाला ते ठरवताय."

"मग मी काय करू?"

"देशाचं मला माहीत नाही. माझ्यापुरतं विचारते. तू येणार आहेस का?"

"चंद्रपूर चांगलंच आहे गं," विश्राम म्हणाला.

"जाहिरात नको. येणार का?"

बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला. "तिकडं ऊन फार आहे म्हणतात. याला लहानपणापासून उन्हाचा त्रास." आई हे कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. ती टीव्ही बघत होती.

"विचार करून सांगतो," विश्राम हळूच म्हणाला.

"माझ्याशी बोलताना तुला जायचं असतं, त्यांच्याशी बोलताना राहायचं असतं. यात खोटं काहीच नाही, हेच मला पटत नाही." हर्षदानं एक शर्ट उचलला, क्षणभर हातात धरला आणि परत मधोमध टाकला. "खोटं असतं तर निदान भांडता आलं असतं. शुक्रवारी दुपारी मी कळवणार. कुटुंबासह की एकटी, तेवढाच रकाना भरायचा राहिलाय."

शुक्रवारी दुपारी बाराला शाईचीही मुदत संपत होती. त्या वेळी माइकवर विश्रामला कुणी बोलवायचं यावरून दोन्ही गटांची अशी जुंपली, की शेवटी फौजदारांनी दोघांना चहाला बोलावलं आणि कार्यक्रम एकच ठेवायला लावला. सुमंगल कार्यालय, सर्वपक्षीय. आता सत्कार कुणाचा? जो माणूस उभा करावा तो एका गटाचा निघायचा. शेवटी एकच नाव उरलं. कार्यक्रमपत्रिका छापून आली: तालुक्याचे लाडके निवेदक श्री. विश्राम कोठावळे यांचा भव्य नागरी सत्कार. आणि खाली, निवेदन: श्री. विश्राम कोठावळे.

तरी एक वाद उरलाच. श्रद्धांजली आधी घ्यायची की नंतर? आपल्याकडं आधी घेतात, वर्षभरात गेलेल्यांना स्तब्ध उभं राहून. पण इनामदार वकिलांनी कायद्याचा असा कीस पाडला, की श्रद्धांजली बरोबर बाराच्या ठोक्याला आली. पोपटनं त्यावर सत्काराचे हार वाढवून घेतले. हार घालता घालता बारा वाजून जावेत असा त्याचा बेत होता.

विश्राम वेळेआधीच आला आणि वधूपक्षाच्या खोलीत जाऊन बसला. तिथं नारळांचं पोतं होतं, शालींचा गठ्ठा होता आणि भिंतीवर हळदीच्या हातांचे ठसे होते. बाहेर सतरंज्या घालत होते. त्यानं मोबाइल काढला आणि मतदारसंघाचा आकडा उघडला. तो लाल होता.

मग त्याच्या मनात एक विचार आला. हे बोट माझंच आहे.

त्यानं डोळे मिटले आणि चंद्रपूरचा विचार केला. अनोळखी रस्ते, ऊन, कुणीही आपल्याला सर म्हणत नाही, आणि संध्याकाळी हर्षदा बुटांना चिखल लावून घरी येतेय. डोळे उघडले. आकडा हिरवा.

म्हणजे जायचंय. त्याला हायसं वाटलं. पण खात्री करावी म्हणून त्यानं पुन्हा डोळे मिटले आणि वेळवंडीचा विचार केला. हेच कार्यालय, हाच माइक, आईच्या हातची आमटी, आणि आत कपाट लावत असलेली हर्षदा. आकडा हिरवाच.

असं कसं होईल? बाहेरच्या टीव्हीवर निवेदिका सांगत होती, की गेल्या काही क्षणांत वेळवंडीतून आघाडीला भक्कम पाठिंब्याचे संकेत येत आहेत.

त्यानं कपाळ पुसलं. मग त्यानं पुन्हा वेळवंडीचाच विचार केला. तेच कार्यालय, तोच माइक, तीच आमटी. कपाट मात्र अर्धं रिकामं, कारण हर्षदा एकटीच गेलीय.

डोळे उघडायच्या आधीच त्याला बोटाच्या टोकाशी गार लागलं. आकडा लाल होता, आणि बराच वेळ लालच राहिला. टीव्हीवर शेअर बाजार कोसळला होता.

विश्राम नारळाच्या पोत्यावर बसून त्या लाल आकड्याकडं बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं मत कळलं होतं, आणि तेही सरकारी संकेतस्थळावरून. गाव कुठलं याच्याशी त्याला देणंघेणंच नव्हतं. आता ते फक्त आईसमोर म्हणायचं होतं. आजवर तो हजारो माणसांसमोर बोलला होता. आईसमोर हर्षदाच्या बाजूनं एक वाक्य बोलला नव्हता.

"सर, चला," पोपट दारातून म्हणाला. "आणि काय विचार करायचा तो हिरवा करा. मघाशी आमचा जीव गेला होता."

कार्यालय गच्च भरलं होतं. स्टेजच्या एका बाजूला मोठ्या पडद्यावर मतदारसंघाचा आकडा लावला होता, जणू क्रिकेटचा सामना होता. पहिल्या रांगेत खुर्चीवर राखीव म्हणून कागद चिकटवलेला, त्यावर आई बसली होती. हर्षदा मागं, दाराजवळ उभी होती. तिच्या हातात मोबाइल होता. तिचा तो रकाना अजून रिकामाच असणार, असं विश्रामला इतक्या लांबूनही वाटलं.

त्यानं माइक हातात घेतला.

"आजचे सत्कारमूर्ती," तो म्हणाला, "म्हणजे आपल्या सर्वांचे लाडके श्री. विश्राम कोठावळे." टाळ्या झाल्या. तो खुर्चीपर्यंत गेला, हार घालून घेतला आणि परत माइकपाशी आला. "ज्यांच्याविषयी किती बोलावं तेवढं थोडंच. या माणसानं आयुष्यात कधी कुणाचं मन दुखावलं नाही."

पडद्यावरचा आकडा लाल झाला.

सभागृहात कुजबुज झाली. पोपट खालून हातानं खुणा करत होता, पुढं बोला, पुढं बोला. इनामदार वकिलांनी घड्याळाकडं बघून समाधानानं मिशीवर हात फिरवला.

"ज्यांनी प्रत्येकाला त्याच्या मनासारखं उत्तर दिलं," विश्राम म्हणाला. ऊर भरून येईना. एखादी कळ दाबावी आणि दिवा लागू नये, तसं झालं. त्यानं आणखी एकदा जोर लावला. "ज्यांचं कार्य..." पुढचा शब्द त्याच्या जिभेवर होता, हजारदा वापरलेला, आणि तो बाहेर येत नव्हता. ट्रान्सफॉर्मरसाठी आला होता.

लाल.

"पोपटराव, नारळ द्या, नारळ," कुणीतरी मागून सुचवलं. पोपट नारळ घेऊन स्टेजकडं धावला. घड्याळाचा काटा बाराला टेकत होता, आणि वकिलांच्या माणसांनी स्तब्ध उभं राहायला सुरुवातही केली होती. दिल्लीत मोटारींची दारं उघडी धरून माणसं उभी होती.

विश्राम आईकडं बघून म्हणाला, "आई, मी हर्षदाबरोबर चंद्रपूरला चाललोय."

माइक चालू होता, त्यामुळं हे वाक्य कार्यालयाच्या बाहेर रसवंतीगृहापर्यंत ऐकू गेलं.

आईनं आजूबाजूला बघितलं. सगळं गाव तिच्याकडं बघत होतं. "हे घरी नसतं का सांगता आलं?" ती म्हणाली.

"नसतं आलं."

"ऊन सोसणार का तुला?"

"नाही सोसणार. तरी जातोय. तुला करमेपर्यंत दर महिन्याला येईन, नाहीतर तू चल."

आई रागावली होती, नक्कीच रागावली होती, आणि तरी त्याचं वाक्य हवेत होतं तसंच होतं. माइक त्यानं खाली ठेवला. नेहमीप्रमाणं आत सगळं रिकामं होईल म्हणून तो वाट बघत थांबला. झालं नाही.

हर्षदा त्याच्याकडं बघतच नव्हती. ती पडद्याकडं बघत होती. पडदा हिरवा होता. तेवढ्यात बाराचे ठोके पडले, आकडा गोठला आणि सुमंगल कार्यालयात अर्धी माणसं टाळ्या वाजवत आणि अर्धी माणसं स्तब्ध अशी एकाच वेळी उभी राहिली.

सरकार बनलं. नव्या पंतप्रधानांनी जनतेचे आभार मानले आणि हा स्थिर सरकारसाठी दिलेला निःसंदिग्ध कौल आहे असं सांगितलं. टीव्हीवरच्या चार तज्ज्ञांपैकी तिघांना हे आधीपासूनच दिसत होतं. अप्पासाहेब रणनवऱ्यांना मत्स्यव्यवसाय खातं मिळालं, आणि आपल्याला रस्ते हवे होते म्हणून ते संध्याकाळच्या आत रुसले.

विश्राम गळ्यातले हार काढत गर्दीतून वाट काढत दाराशी आला.

"कळवलंस का?" त्यानं विचारलं.

"एकटी असं कालच कळवलं होतं," हर्षदा म्हणाली. "मघाशी नुसतं पाठवल्याची पोच बघत होते. खोलीही घेतलीय, नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात. तिथं पुरुष चालत नाहीत."

एखादं चांगलंसं वाक्य शोधायला त्याचं मन सवयीनं निघालं, आणि अर्ध्या वाटेतून परत आलं.

"मग मी येऊ नको?" त्यानं विचारलं.

"तसं कुठं म्हटलं? ये, स्वतःसाठी खोली शोध, मग मी वसतिगृह सोडीन. पण कधीचा विचार आहे तुझा?"

"उद्याच येतो."

हर्षदानं त्याचा डावा हात धरून वर उचलला आणि तर्जनी उजेडात नीट फिरवून बघितली. मुदत संपताच शाई विरून जाते. नख स्वच्छ झालं होतं.

"खरं म्हणतोयस का?" तिनं विचारलं.

विश्रामनं पडद्याकडं बघितलं. तो बंद होता. मग त्यानं बोटाकडं बघितलं, मग हर्षदाकडं.

"मला वाटतं, हो," तो म्हणाला.

"वाटतं म्हणे," हर्षदा म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरची झेंडूची पाकळी झटकून टाकत तिनं विचारलं, "उद्या किती वाजताच्या गाडीनं?"